कॉर्न स्नेकची जोडी निवडताना

कॉर्न स्नेकची (घरी पाळल्या जाणाऱ्या एका बिनविषारी अमेरिकी सापाची) पैदास सुरू करायची असेल, तर रंगाआधी वंशावळीची चौकशी करावी. रंगप्रकार आणि संकर या निराळ्या गोष्टी आहेत: काळे रंगद्रव्य नसलेला ‘अ‍ॅमेल’ हा त्याच जातीतील एका अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणाऱ्या) जनुकाचा परिणाम असतो, तर ‘क्रीमसिकल’ या नावाने विकला जाणारा साप एमोरी रॅट स्नेक या दुसऱ्या जातीच्या सापाशी केलेल्या संकरातून आलेला असतो. किंग स्नेकशी केलेला संकरही प्रजननक्षम निघतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. अशा संकरित पिल्लांचा मेळ पुढे तीन पिढ्या शुद्ध कॉर्नशीच घातला, तर परका वाटा सरासरी सव्वासहा टक्के उरतो; मग पाठीवरचे लालसर डाग आणि पोटावरची काळी-पांढरी चौकटनक्षी कितीही निरखली, तरी तो डोळ्यांना दिसत नाही.

नावावरही विसंबू नये. ‘ओकीटी’ हे मुळात दक्षिण कॅरोलिनातील जॅस्पर काउंटीच्या सापांचे नाव. आता डागांना जाड काळी कड असलेल्या कोणत्याही सापाला ते सर्रास लावले जाते.

माझ्या मते संकर करणे गैर नाही, तो लपवून विकणे मात्र अक्षम्य आहे. म्हणून विक्रेत्याकडून नर-मादीची माहिती लेखी घ्यावी, अंड्यांच्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी, आणि वंश ठाऊक नसेल तर ‘वंश अज्ञात’ असे स्पष्ट लिहूनच पिल्लू विकावे, मग किंमत कमी आली तरी चालेल.