वृद्ध लेखकाचे व्यक्तिचित्र अभ्यासताना

सुरुवात चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपासून करू नका. अमेरिकन चित्रकार व्हिस्लरने १८७२-७३ च्या सुमारास रंगवलेले, आज ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात असलेले स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइलचे तैलचित्र घ्या आणि डोळे किंचित मिटून आधी केवळ काळ्या कोटाचा आकार व त्यामागची करडी भिंत पाहा. सत्तरी उलटलेल्या त्या विचारवंताचा थकवा आणि एकाकीपणा मुख्यतः या दोहोंच्या तोलातूनच व्यक्त होतो, असे माझे ठाम मत आहे. मग गुडघ्यावरची हॅट आणि हातमोजा घातलेला हात न्याहाळा. व्हिस्लर रंग फार पातळ करून लावत असे, म्हणून नक्कल करताना रंगाचे जाड थर टाळा. चेहरा सर्वांत शेवटी रंगवा.