‘वाटेत ऑक्सिजन संपला तर?’

घरात ऑक्सिजन लागला की माणूस उंबरठा ओलांडायचं सोडून देतो, हे मी सोलापुरात वारंवार पाहते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलेली असते, दारात मुलाची गाडी असते, तरी प्रश्न तोच: "मॅडम, वाटेत संपला तर?"

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जन्मभर टॉवेलचे माग चालवलेले एक काका. सीओपीडी म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजारामुळे मिनिटाला २ लिटर ऑक्सिजनवर. नातवाचं जावळ तुळजापूरला, अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. काकांचं एकच, "तुम्ही जाऊन या." मुलाने बोलावलं म्हणून मी घरी गेले.

मी धीर दिला नाही. दिलेला धीर संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. कोपऱ्यातल्या बी टाईप सिलिंडरकडे बोट करून म्हटलं, "काका, टाकी १० लिटरची, दाबाचा काटा १५० बारवर. गुणाकार करा."

"दीड हजार."

"मिनिटाला दोन लिटर जातात."

कॅलेंडरच्या मागे आकडे मांडून ते म्हणाले, "साडेबारा तास? आणि काटा निम्म्यावर आला की निम्मा उरला?"

"बरोबर. तरी पाय निघत नाही, तो कशामुळे?"

बराच वेळ ते नळीशी चाळा करत बसले. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "हा सारखा आरशात बघणार. बाप धडधाकट बसलाय का म्हणून. सणासुदीला पोराच्या जिवाला घोर कशाला?"

भीती सिलिंडरची नव्हतीच. ‘माझा कुणाला त्रास होताच कामा नये’ हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी श्रद्धा आहे, ती अशाच अनुभवांमुळे: प्रसंगापेक्षा त्यावर लादलेला हट्टच माणसाला जास्त छळतो. मी विचारलं, "काळजी करणं हा त्याचा हक्क. तो तुम्ही कसा काढून घेणार?"

काका थबकले. मग मुलाला म्हणाले, "तू रस्त्याकडे बघ. बोटाला मशीन लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मी सांगत जाईन." इतके दिवस सांभाळला जाणारा माणूस त्या क्षणी कामावर रुजू झाला. घरच्यांना मी हेच सांगते, रुग्णाला प्रवासातलं एक काम द्या.

बाकी तयारी अवघड नाही. आधी सात रस्त्यापर्यंत चक्कर मारून या. सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधा, ऑक्सिजन ज्यातून येतो ती पाण्याची बाटली उभीच राहू द्या, आणि सिलिंडरची चावी विसरू नका. ती हमखास घरी राहते. डॅशबोर्डवरची उदबत्ती बंद, गाडीत विडी-सिगारेट कुणीच ओढायची नाही, काच थोडी खाली. तेलकट किंवा बाम लागलेला हात व्हॉल्व्हला लावू नका. उन्हात उभ्या गाडीत सिलिंडर ठेवून जाऊ नका. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला ठाऊकच आहे. घरचं हवेतून ऑक्सिजन काढणारं मोठं मशीन गाडीच्या सॉकेटवर चालत नाही. बॅटरीच्या छोट्या मशीनवरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे, म्हणून त्यावर आकडा किती राहतो ते निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दम लागला तरी मनाने फ्लो वाढवू नका; सीओपीडीत जादा ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बोटाच्या मशीनवरचा आकडा काकांना डॉक्टरांनी ८८ ते ९२ टक्के सांगितला होता. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा.

जावळाला काका गेले. घाटातही आकडे सांगत होते. आता पंढरपूर म्हणतायत, आणि मुक्काम आहे म्हणून सिलिंडर दोन घ्यायचे, हे त्यांनीच ठरवलंय.