मारामारी सोडा, कोण मरतं ते आधी बघा

खारघरच्या ताईंनी विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी अशा सगळ्यांना एकत्र बसून बघता येतील असे सुपरहिरोचे पिक्चर कोणते. शिवाय मुलगा 'अव्हेंजर्सच लाव' म्हणून हटून बसलाय. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो आणि शनिवारी संध्याकाळी मजल्यावरची पोरं आमच्याच टीव्हीसमोर जमतात, त्यामुळे या विषयात माझी मतं जरा पक्की झाली आहेत.

मारामारी किती आहे ते मोजत बसू नका. इमारती कोसळतात, गाड्या उडतात, पोरांचं चकली खाणं चालूच असतं. ती गप्प होतात ती घरातलं कोणी गेलं की. 'बिग हिरो ६' (२०१४) हा डिस्नेचा पिक्चर, पोस्टरवर गुबगुबीत पांढरा रोबो. त्यात सुरुवातीच्या भागातच नायकाचा मोठा भाऊ आगीत जातो. आमच्याकडे तो लावला तेव्हा शेजारचा मुलगा त्या क्षणी उठला आणि दारात जाऊन चपला घालायला लागला. 'कुठे रे?' म्हटलं, तर म्हणे, 'दादा क्लासवरून आला का बघून येतो.' तुमच्याकडेही मोठा दादा आणि धाकटी बहीण, म्हणून हा पिक्चर गोड असला तरी वर्षभर थांबा.

या गोष्टींची गोमच ती आहे. सुपरमॅन अनाथ, बॅटमॅन अनाथ, स्पायडरमॅन काका-काकूंकडे वाढलेला. तेलुगू 'हनुमान'मध्ये (२०२४) तर खलनायकाला लहानपणीच वाटतं की सुपरहिरो व्हायचं तर आईवडील नकोत, आणि तो त्यांनाच संपवतो. कल्पना भन्नाट आहे, पण आईच्या मांडीवर बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीसाठी नाही. सासूबाईंना नाव ऐकून भक्तिपट वाटेल, त्यांना आधी सांगून ठेवा.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर 'ए' असेल तिथे विषय संपला. 'डेडपूल', 'लोगन', 'जोकर' ही नावं वर्गातल्या मित्रांच्या तोंडी कितीही असोत, तरी नाही म्हणजे नाही. बाकी बहुतेक सगळं 'यूए'मध्ये येतं. जुन्या 'यूए'चा अर्थ एवढाच, की बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांनी ठरवून दाखवावं; म्हणजे आपलं काम आपल्याच गळ्यात. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, ते खरंच कामाचं आहे. जुन्या पिक्चरचं सर्टिफिकेट मात्र जुनंच. ओटीटीवर बघणार असाल तर सुरुवातीला कोपऱ्यात वय आणि हिंसा, भीती वगैरे कारण येतं ते वाचा. तेवढ्या वेळात आपण रिमोट शोधत असतो!

२०२५ चा 'सुपरमॅन' आपल्याकडे १३+ आहे. सेन्सॉरने त्यातलं चुंबन कापलं म्हणून बराच गाजावाजा झाला, पण लहान मुलांच्या दृष्टीने अडचण तिथे नव्हतीच. खलनायक लूथर एका गरीब फेरीवाल्याच्या डोक्याला पिस्तूल लावून सुपरमॅनला प्रश्न विचारत राहतो आणि शेवटी चाप ओढतो, अडचण तिथे आहे. क्रिप्टो नावाचा वांड कुत्रा बघून धाकटी टाळ्या पिटेल, पण त्या प्रसंगाला तिला आत न्यावं लागेल. 'शझॅम' (२०१९) तसाच फसवा. विनोदी, रंगीत, आणि मध्येच ऑफिसच्या बैठकीत राक्षस माणसांना संपवतात. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या तिसऱ्या भागात प्राण्यांचे हाल आहेत, तो नकोच. ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं असंही धरू नका. 'इन्व्हिन्सिबल' ही मालिका रक्ताने माखलेली आहे.

आता लावायचं काय? पहिला 'लेगो बॅटमॅन' (२०१७), डोळे मिटून. गावभर हाणामारी करून बॅटमॅन रात्री एवढ्या मोठ्या वाड्यात एकटा येतो, फ्रिजमधलं जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो आणि मिनिटं सरायची वाट बघत उभा राहतो. पोरं हसतात, मोठी माणसं जरा जास्तच हसतात. आईवडील गेल्याचं दुःख त्यातही आहे, पण भिंतीवरच्या फोटोपुरतं.

दुसरा 'इनक्रेडिबल्स' (२००४). नवरा, बायको, वयात येणारी मुलगी, उपद्व्यापी मुलगा आणि तान्हं बाळ, सगळेच शक्तिमान. घरातली भांडणं इतकी ओळखीची, की सासूबाईही रमतील. सुरुवातीला एक माणूस इमारतीवरून उडी मारतो, तेव्हा 'त्याला वाचवतात हं' एवढं बोलून पुढे चला. दुसऱ्या भागात (२०१८) डोळे दिपवणारी लखलख आहे. घरात कोणाला फिट येण्याचा त्रास असेल तर तो टाळाच, डिस्नेने स्वतःच तसा इशारा दिला होता.

सासऱ्यांसाठी 'मिस्टर इंडिया' (१९८७) हवाच, मोगॅम्बोचे संवाद ते पडद्याच्या आधी म्हणतील. पण बॉम्बस्फोटात छोटी टीना जाते. तेवढ्या वेळापुरतं धाकटीला आजीबरोबर फराळाचे डबे काढायला स्वयंपाकघरात पाठवा.

मुलाचं म्हणणं अगदीच मोडू नका. त्याच्यासाठी 'इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८). काका जातो, पण अकरा वर्षांच्या मुलाला ते झेपतं. पुढचा भाग २०२३ मध्ये आपल्या थिएटरांत मराठीतही आला होता आणि त्यात मुंबईसारखं दिसणारं मुंबॅटन आहे. मात्र तो ऐन रंगात 'क्रमशः' म्हणून संपतो. अव्हेंजर्स बाकीचे झोपल्यावर फक्त तुम्ही दोघं बघा. त्यातल्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये अर्धं जग धूळ होतं, आणि स्पायडरमॅन विरताना जे बोलतो ते ऐकायला मुलाशेजारी तुम्ही हव्यात. 'एंडगेम' तर तीन तासांचा. आधीचं काही न बघितलेले सासरे त्यात बसले, तर दर दोन मिनिटांनी 'हा कोण?' सुरू होईल.

थिएटरला धाकटीला नेऊ नका असं माझं मत. आवाज छातीत धडधडतो, थ्रीडीचा चष्मा नाकावर टिकत नाही आणि थांबवायची सोय नाही. न्यायचंच असेल तर सकाळचा शो आणि कडेची खुर्ची घ्या. तिला अंधाराची जास्त भीती वाटते की आवाजाची, ते कळवा. त्यावरून आणखी एक-दोन नावं सांगतो.