स्टार्चचा निळा रंग तापवल्यावर जातो आणि परत येतो, पण लिंबानं गेलेला परत का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टार्चच्या पाण्यात आयोडीनचे थेंब टाकले, गडद निळा रंग आला. परीक्षानळी तापवली तर रंग गेला, गार केल्यावर परत आला. मग त्याच नळीत लिंबू पिळलं, तर रंग गेला तो गेलाच. दोन्ही वेळा रंगच गेला, मग फरक कुठे पडला?

तापवल्यावर घर विस्कटतं. लिंबू पिळल्यावर घरात राहणाराच उरत नाही. आता हे जरा सविस्तर सांगतो.

आधी राहणाऱ्याबद्दल. आयोडीन हे क्लोरीन-ब्रोमीनच्या घराण्यातलं, म्हणजे हॅलोजन. घन रूपात त्याचे राखाडी-काळे, धातूसारखे चमकणारे स्फटिक असतात, आणि वाफ मात्र सुंदर जांभळी. ते न वितळता थेट वाफ होतं असं आपण शाळेत घोकतो, पण ते अर्धंच खरं आहे. ११३.७ अंश सेल्सिअसला आयोडीन व्यवस्थित वितळतं. इतकंच की, त्याआधीच त्याची भरपूर वाफ सुटत असल्यामुळे द्रवाकडे कुणाचं लक्ष जात नाही. (हे घरी करून बघू नका. ती वाफ डोळ्यांना आणि घशाला चांगलीच झोंबते.)

या जांभळ्या वाफेमुळेच आयोडीन सापडलं. १८११ साली फ्रान्समध्ये बेर्नार कुर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेपासून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवायच्या खटपटीत होता. सल्फ्युरिक आम्ल जरा जास्त पडलं, जांभळे ढग उठले आणि थंड जागी त्यांचे काळे स्फटिक जमले. पुढे तीनच वर्षांत, १८१४ मध्ये, कोलाँ आणि गोतिए द क्लोब्री यांनी स्टार्चबरोबरच्या निळ्या रंगाची नोंद केली. निळा रंग का येतो, याचा नीट उलगडा व्हायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली.

आयोडीनचा रंग संगतीनं बदलतो, ही गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. हेक्झेनमध्ये विरघळवलं तर वाफेसारखंच जांभळं, अल्कोहोलमध्ये तपकिरी. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात; इथे नेमका वाणच लागतो. ज्या द्रावकाचे रेणू आयोडीनला जवळ ओढतात, त्यात त्याचा रंग पालटतो. नुसत्या पाण्याशी मात्र त्याचं जमत नाही. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या बाटलीत सोबत पोटॅशियम आयोडाइड घातलेलं असतं. त्यातला आयोडाइड आयन (म्हणजे विद्युतभार असलेला आयोडीनचा अणू) आयोडीनच्या रेणूला धरतो, तीन अणूंचा ट्रायआयोडाइड आयन तयार होतो आणि तो पाण्यात सहज राहतो. तुमच्या ड्रॉपरमधला तपकिरी रंग त्याचा.

आता घर. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या. त्यात दोन प्रकार मिसळलेले असतात: फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन, जे साधारण ७० ते ८० टक्के असतं, आणि सरळ लांब साखळीचं अमायलोज. निळाईचं श्रेय अमायलोजचं. त्याची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली राहते, एका वेढ्यात सहा ग्लुकोज. या स्प्रिंगच्या आतल्या पोकळीत आयोडीनचे अणू एकामागे एक रांगेत जाऊन बसतात. सुटं असताना ट्रायआयोडाइड मुख्यतः अतिनील आणि थोडा निळा प्रकाश शोषतं, म्हणून पिवळट-तपकिरी दिसतं. रांग लांबली की इलेक्ट्रॉनांना पसरायला जागा मिळते, आणि शोषण सरकून ६०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नारिंगी भागात येतं. नारिंगी गिळला की डोळ्याला उरतो तो निळा.

म्हणजे ही चाचणी ग्लुकोजची नाही, आकाराची आहे. कापूस ज्याचा बनतो ते सेल्युलोजसुद्धा ग्लुकोजचंच, पण त्याच्या साखळ्या ताठ असतात, पोकळी नाही, म्हणून कापसावर आयोडीन टाकलं तर ते तपकिरीच राहतं. अमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड, तिथे रांग लांबत नाही, रंग लालसर-जांभळ्यावर थांबतो. साध्या ग्लुकोजच्या पाण्याला तर काहीच होत नाही.

आता तुमची तापवलेली नळी. उष्णतेनं साखळीची हालचाल वाढते, स्प्रिंग सैल पडते, आयोडीन बाहेर निसटतं. ते नष्ट झालेलं नसतं, पाण्यातच असतं. गार झालं की स्प्रिंग पुन्हा वळते आणि रांग पुन्हा आत बसते. गार पाण्यात नळी धरून बघा, निळा रंग आधी काचेला लागून उमटतो आणि मग आत सरकतो.

यात एक फजिती माझ्या पदरी आहे. विद्यार्थ्यांसमोर हा प्रयोग दाखवताना मी बोलण्याच्या नादात नळी चांगली खळाखळा उकळली. गार केली तर पाणी स्वच्छ! पोरं खूश. झालं असं होतं की, सुटलेलं आयोडीन वाफेबरोबर नळीतून निघून गेलं होतं. तेव्हा तापवायचं ते रंग जाईपर्यंतच, आणि शक्यतो गरम पाण्याच्या चंचुपात्रात नळी उभी करून.

लिंबाची गोष्ट वेगळी. तिथे काम करतं ते क जीवनसत्त्व. आंबटपणाचा त्यात हात नाही. व्हिनेगर घालून बघा, रंग टिकतो. क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देतं आणि आयोडीनचं आयोडाइड होतं. आयोडाइड रंगहीन, आणि एकट्यानं स्प्रिंगमध्ये बसून निळा रंग देणं त्याला जमत नाही. स्प्रिंग जागेवर आहे, पण रिकामी. गार करून ती भरणार कशी? आयोडीनयुक्त मीठ बटाट्याच्या फोडीवर टाकलं तर ती निळी होत नाही, त्याचंही कारण हेच: मिठात आयोडेट किंवा आयोडाइड असतं, मोकळं आयोडीन नसतं.

रंग घालवायचा तिसराही मार्ग आहे, आणि तो तुमच्या तोंडात आहे. स्टार्चच्या पाण्यात थोडी लाळ मिसळून कोमट ठेवा आणि दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनवर सोडून बघा. निळा, मग जांभळट, मग लालसर, शेवटी नुसता तपकिरी. लाळेतलं अमायलेज साखळीचे तुकडे करत जातं आणि रांग तुकड्यागणिक आखूड होत जाते. इथे घरच पाडलं गेलं.

कोणत्या नळीत काय झालंय हे ओळखायला सोपी युक्ती आहे: आयोडीनचा आणखी एक थेंब टाका. माझ्या उकळलेल्या नळीत एका थेंबात निळाई परत आली होती, कारण स्टार्च शाबूत होतं. लाळेच्या नळीत कितीही थेंब टाका, तपकिरीच राहील. आणि तुमच्या लिंबाच्या नळीत पहिले काही थेंब पडल्या पडल्या विरून जातील, कारण क जीवनसत्त्व अजून शिल्लक असेल. थांबू नका, हलवत टाकत राहा. ते संपलं की त्या थेंबाला निळा रंग टिकेल. तोवर किती थेंब लागले ते मोजून ठेवा आणि पुढच्या वेळी तेवढाच रस दुसऱ्या फळाचा घेऊन पाहा. ज्याला जास्त थेंब लागतील, त्यात क जीवनसत्त्व जास्त.