स्प्लेंडरचं इंजिन ऑइल कमी होतंय, पण खाली डाग नाही. बोअर-पिस्टन बदलण्याआधी घरी काय तपासता येईल?

तुम्ही लिहिलंय की कार्ब्युरेटरची स्प्लेंडर 45,000 किमी चालली आहे, दोन-तीन आठवड्यांत ऑइल खाली जातं, सकाळी चालू करताना थोडा निळा धूर येतो आणि गॅरेजवाले सरळ बोअर-पिस्टन बदला म्हणतात. एवढ्या माहितीवर बोअरला (ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीला) हात लावू देऊ नका. सकाळचा धूर आणि घासलेल्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या कड्या) यांचा थेट संबंध लागत नाही. ऑइल नक्की किती जातं आणि कुठून जातं, या दोन्हीची उत्तरं घरी मिळतात.

आधी मोजणी बरोबर करा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, उजव्या कव्हरवरची डिपस्टिक काढून पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. आटे घट्ट करून पाहिलं तर पट्टी जास्त खोल जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. साइड स्टँडवर उलटं होतं. गाडी डावीकडे कलते, ऑइल तिकडे जातं आणि उजवीकडची पट्टी कोरडी दिसते. मग माणूस शंभर-दोनशे मिली वर ओततो. हे जादा ऑइल फेसाळतं, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून जळतं. म्हणजे जास्त भरल्यामुळेच ऑइल ‘कमी’ होऊ लागतं. तुमच्या 97.2 सीसी इंजिनात नुसतं ऑइल बदलताना पूर्ण उघडून जोडताना लागतं त्यापेक्षा कमी बसतं; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. सर्व्हिसिंगला लिटरची बाटली पूर्ण रिकामी केली होती का, हे विचारून घ्या.

आता वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि 500 किमी चालवा. मग तशाच पद्धतीने तपासून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मेडिकलमधल्या 50 मिलीच्या सिरिंजने मोजा. माझा अंदाज असा असतो: हजार किलोमीटरला 100 मिलीच्या आत असेल तर लक्ष ठेवून चालवा, 200 च्या वर गेलं तर दुरुस्ती हवी. हा आकडा हातात असला की गॅरेजमधलं बोलणंही मोजून-मापून होतं.

खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. काही गळत्या इंजिन तापल्यावर, चालत्या गाडीतच होतात आणि ऑइल सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळून जातं. थंड इंजिन रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने घासा, धुऊन पूर्ण वाळवा आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किमी फिरून आलात की पावडर जिथे ओली, तिथे गळती. वाऱ्याने ऑइल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला ठिपका खरा मानायचा. टॅपेटच्या झाकणांच्या ओ-रिंग, हेड आणि ब्लॉकचं पॅकिंग, गिअर शाफ्टचं सील, किक शाफ्टचं सील, ड्रेन नटाखालचा वॉशर हे सगळं बघा. पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील मात्र हमखास सुटतं. तिथलं ऑइल चेनवर उडतं आणि आपण ते चेनला लावलेलं वंगण समजतो. स्प्रॉकेटचं कव्हर काढल्याशिवाय ते कळणार नाही.

गळती नसेल तर धूर वाचायचा. हे उघड्या जागीच करा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर निळा धूर येऊन मिनिटभरात थांबला, किंवा लांब उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर एक झोत आला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं, ऑइल अडवणारं रबर) किंवा गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) खराब. ऑइल रात्री व्हॉल्व्हच्या दांड्यावरून उतरतं. उतारावर आतली ओढ वाढते म्हणून खेचलं जातं. चढावर, डबल सीट, थ्रॉटल देत असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, आणि थंडीतली पांढरी वाफ निरुपद्रवी. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं.

खात्रीसाठी प्लग काढा. ओला, चकचकीत काळा असेल तर ऑइल. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल. मग कॉम्प्रेशन गेज (प्लगच्या भोकाला लावून सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) मिळवा. गरम इंजिन, चावी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, सहा-सात जोरदार किका मारून आकडा लिहा. प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच चढला तर रिंगा किंवा बोअर घासलेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. दोन्ही वेळा कमी आणि जवळपास सारखा आला तर हवा व्हॉल्व्हमधून जातेय. दोन्ही वेळा चांगला असेल आणि फक्त सकाळी धूर असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर.

सील बदलायलाही हेड उतरावं लागतं, हे खरं. पण सिलिंडर, पिस्टन, रिंगा वाचतात. सील बदलताना गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलतोय का हे समोर उभं राहून बघा. ढिल्या गाइडवर नवं सील टिकत नाही.

पुढच्या वेळी ऑइल बदलताना ते पांढऱ्या सुती कापडातून गाळा. काळा रंग घाबरण्यासारखा नाही, कारण याच ऑइलमध्ये गिअर आणि क्लचही फिरतात. मऊ करडी पेस्टही चालते. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग, न चिकटणारे पांढरे कण बहुधा ॲल्युमिनियम, रबराचे तुकडे म्हणजे टायमिंग चेनची गाइड किंवा रोलर. पट्टीवर ऑइल आपोआप वाढलं आणि पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई गळतेय. ती बदलेपर्यंत गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि ते पातळ ऑइल लगेच काढा. दुधट ऑइल म्हणजे पाणी. हे इंजिन हवेने थंड होतं, त्यामुळे हेड गॅस्केटला दोष देऊ नका. पावसाळ्यातल्या छोट्या फेऱ्या किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढणं हे कारण असतं.

ऑइल घेताना 10डब्ल्यू-30 आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या बाइकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं घ्या. कमी होतंय म्हणून घट्ट ऑइल किंवा कारचं ऑइल ओतू नका, कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. काढलेलं ऑइल गटारात न ओतता जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

500 किमीची मोजणी आणि कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे इथे लिहा, म्हणजे सील की रिंगा ते नेमकं सांगता येईल.