कम्युनिटी कॉलेज निवडताना मेजरचा करार आधी पाहावा

आपला प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. मुलगी बारावीत आहे, एच-४ वर (एच-१बीसारख्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, तिला संगणकशास्त्राकडे जायचे आहे, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा (यूसी) चार वर्षांचा खर्च झेपणारा नाही. म्हणून पहिली दोन वर्षे स्वस्तात करून पुढे विद्यापीठात जाता (ट्रान्स्फर होता) यावे यासाठी घराजवळची दोन कम्युनिटी कॉलेजे पाहत आहात आणि एकाला रेटिंगमध्ये अर्धा तारा जास्त आहे, तर तेच घ्यावे का, असे आपण विचारले आहे. आमच्या मुलाच्या वेळी आमच्याही घरात नेमकी हीच चर्चा चालू होती. मी लिहितो आहे ते कॅलिफोर्नियापुरतेच आहे आणि मी वकील नाही, त्यामुळे व्हिसाविषयीची प्रत्येक गोष्ट आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावी.

खर्चाचे गणित सोपे आहे. निवासी, म्हणजे राज्याचा रहिवासी धरलेल्या, विद्यार्थ्याला युनिटमागे (विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर पडतात आणि हा दर २०१२ पासून तोच आहे. ट्रान्स्फरसाठी लागणाऱ्या ६० सेमिस्टर युनिटांचे २,७६० डॉलर होतात. त्यावर आरोग्य शुल्क, पार्किंग आणि पुस्तके. वेळापत्रकात ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेले वर्ग आधी पाहावेत, पुस्तकांचा खर्च पुष्कळ वाचतो. मात्र अनिवासी ठरल्यास हेच युनिट कित्येक पटींनी महाग होते. एच-४ वरील विद्यार्थी कॅलिफोर्नियात निवासी ठरू शकतो, एफ-१ वरील, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरील, ठरू शकत नाही. व्हिसाचे नाव पाहूनच कोणी अनिवासी ठरवले, तर तेवढ्यावर गप्प बसू नये. वर्षभराच्या वास्तव्याचे पुरावे आणि पालकांचे कर विवरणपत्र घेऊन फेरविचार मागावा.

आता मूळ मुद्दा. आम्हाला सर्वांत महाग पडले ते एका कॉलेजच्या समुपदेशन कार्यालयाचे एकच वाक्य: “हे सगळे युनिट ट्रान्स्फर होतात.” वाक्य खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते जास्त घातक ठरले. एखादा विषय यूसीला ट्रान्स्फर होतो याचा अर्थ त्याची युनिटे मोजली जातात, एवढाच. आपल्या मेजरसाठी (पदवीच्या मुख्य विषयासाठी) विद्यापीठाला जो विशिष्ट विषय हवा आहे, त्याच्या जागी तो धरला जाईल की नाही, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणालाही, खाते न उघडता, पाहता येते. तेथे कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर निवडले की दोन रकाने उघडतात: डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा कॉलेजचा विषय. हाच मेजरचा करार. मुलाच्या पानावर एका अनिवार्य विषयासमोर उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’, म्हणजे बदल्यात चालणारा विषय येथे नाही, असे लिहिलेले होते. कार्यालयाने जो विषय घ्यायला लावला होता, तो निव्वळ ऐच्छिक युनिटांत जमा झाला. दर वेळी नवा समुपदेशक, पंधरा मिनिटांची भेट, आणि हे पान एकानेही उघडून दाखवले नाही. हवा असलेला विषय शेजारच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात शिकवला जात होता आणि तेथे जाऊन तेवढा एकच करता आला असता, हेही कोणी सांगितले नाही.

त्यात एक वर्ष गेले. इतर मुलांचे वर्ष गेले तर फक्त उशीर होतो. एच-४ वरील मूल २१ वर्षांचे झाले की त्याचा दर्जाच संपतो. मुलाला एफ-१ वर जावे लागले आणि यूसीत पोहोचेपर्यंत निवासी शुल्काचा हक्क हातचा गेला. अनिवासी विद्यार्थ्याला तेथे मूळ शुल्काखेरीज वर्षाला ३४,००० डॉलरांहून अधिक भरावे लागतात. दोन वर्षे काटकसर करून जे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट त्यात गेले. त्या कार्यालयाला मी नंतर लेखी विचारले, तेव्हा ‘अंतिम जबाबदारी विद्यार्थ्याची आहे’ एवढेच उत्तर आले. अठरा वर्षांच्या मुलाने ज्यांच्याकडे सल्ल्यासाठी जायचे त्यांनीच असे म्हणावे, याचा राग मला आजही येतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तारे बाजूला ठेवा आणि दोन्ही कॉलेजांची, मुलीला हव्या असलेल्या प्रत्येक विद्यापीठासाठीची पाने उघडा. ज्याच्या उजव्या रकान्यात मोकळ्या जागा कमी, ते कॉलेज तिच्यासाठी चांगले. त्यानंतर मागील दोन वर्षांची वेळापत्रके पाहा. करारात असलेला विषय प्रत्यक्षात वर्षातून एकदाच चालत असेल, किंवा विद्यार्थी कमी म्हणून वर्ग ऐन वेळी रद्द होत असेल, तर करार कागदावरच राहतो. पदवी पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीवर मी फार विसंबणार नाही, कारण पदवी न घेता ट्रान्स्फर होणारे तीत धरलेले नसतात. यूसीच्या माहिती केंद्रावर कोणत्या कॉलेजातून किती अर्ज आले आणि किती जणांना प्रवेश मिळाला हे दिसते. ते अधिक उपयोगाचे.

टॅग म्हणजे ट्रान्स्फर विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी; ती यूसीचे सहा कॅम्पसच देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत, आणि जेथे आहे तेथेही काही ठिकाणी संगणकशास्त्र वगळलेले असते. त्याचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो.

वातावरणाबद्दल विचारले आहे, तर सकाळी वर्ग चालू असताना जाऊन गणिताचे शिकवणी केंद्र पाहा: तेथे शिकवणारे बसलेले आहेत की नुसता फलक लावलेला आहे. जमल्यास मुलीला शाळेत असतानाच उन्हाळ्यात एक विषय तेथे घेऊ द्या. शाळकरी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी शुल्क माफ असते. प्रवेश घेतल्यावर ओरिएन्टेशन आणि शैक्षणिक आराखडा लगेच पूर्ण करावा, म्हणजे नोंदणीची तारीख लवकर मिळते. आराखडा तोंडी नको, प्रणालीत नोंदवलेलाच हवा. आणखी एक: कॉलेज पालकांशी बोलणार नाही, कायद्याने माहितीचा हक्क विद्यार्थ्याचा असतो. त्यामुळे पान छापून तिच्याच हाती द्या आणि समुपदेशकाला प्रत्येक ओळ तिलाच विचारू द्या.

दोन्ही कॉलेजांची पाने उघडल्यावर एखाद्या ओळीचा अर्थ लागत नसेल, तर मेजर आणि कॅम्पस लिहून येथेच विचारा, मी पाहून सांगेन.