कॉर्नेलचं होम इकॉनॉमिक्स कॉलेज फक्त स्वयंपाक-शिवण शिकवायला निघालं होतं का?

अजिबात नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शेतकऱ्यांसाठी घरपोच वाचनाचा अभ्यासक्रम चालायचा. तसाच शेतकऱ्यांच्या बायकांसाठी काढायला तिथले उद्यानविद्येचे प्राध्यापक लिबर्टी हाइड बेली यांनी १९०० मध्ये मार्था व्हॅन रेन्सेलर यांना बोलावलं. पहिल्याच पत्रिकेचा विषय होता पावलं वाचवणं, म्हणजे घरकामातल्या खेपा कशा कमी करायच्या. ज्यांच्या घरी विहिरीवरून पाणी आणावं लागलंय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

१९०७ मध्ये होम इकॉनॉमिक्सचा विभाग झाला, व्हॅन रेन्सेलर यांच्या जोडीला फ्लोरा रोझ आल्या. १९११ मध्ये दोघींना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं, तोवर कॉर्नेलमध्ये ते एकाही बाईला मिळालं नव्हतं! मला हा टप्पा सगळ्यात मोठा वाटतो. १९२५ मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र कॉलेजचा दर्जा दिला. १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात इथल्याच आहारतज्ज्ञांनी आखलेलं साडेसात सेंटचं जेवण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये वाढलं. उकडलेली अंडी, टोमॅटोची चटणी, कुस्करलेले बटाटे, गव्हाचा पाव.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. १९१९ पासून अनाथालयातली तान्ही बाळं 'सरावासाठी' आणली जायची. विद्यार्थिनी पाळीपाळीने त्यांना न्हाऊ-माखू घालायच्या. बाळांना आडनाव द्यायचे 'डोमेकॉन', डोमेस्टिक इकॉनॉमीचं (घरव्यवस्थेचं) लघुरूप. पुढे ती दत्तक जायची. आज बालमानसशास्त्र जाणणारं कुणी याला होकार देणार नाही.

१९६९ मध्ये कॉलेजचं नाव 'ह्युमन इकॉलॉजी' झालं, तेच आजही आहे.